गोटेक फ्लॉपी इम्युलेटर: जुन्या अमिगात किंवा अटारीत बसवण्याआधी हे वाचा

अमिगा, अटारी एसटी किंवा डॉसवाला ४८६ असा एखादा जुना कॉम्प्युटर तुमच्याकडे असेल आणि तो नुसता शोकेसमध्ये ठेवायचा नसून खरंच चालवायचा असेल तर गोटेक घ्या, हे आधीच सांगून टाकते. पण खोक्यातून काढला, लावला आणि झालं अशी ही वस्तू नाही, आणि गोटेक बसवल्यावर मूळचा ड्राइव्ह भंगारात टाकायचा विचार असेल तर माझं म्हणणं एकदम उलट आहे. थोडं सविस्तर लिहितेय कारण गोटेकबद्दल जे रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक "मस्त आहे, चालतो" इथेच संपतात आणि मग घेणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी वैतागतो.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी, गोटेक म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाचा प्लॅस्टिकचा डबा. मागे तोच ३४ पिनांचा कनेक्टर, तीच पॉवरची छोटी चार पिनांची जागा. पुढे मात्र फ्लॉपीच्या फटीऐवजी यूएसबी पोर्ट, दोन बटणं आणि तीन आकडी डिस्प्ले. पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या इमेज फाइल्स, म्हणजे एकेका अख्ख्या फ्लॉपीची फाइलमधली नक्कल, टाकायच्या आणि बटणाने हवी ती निवडायची, कॉम्प्युटरच्या दृष्टीने समोर खरीच फ्लॉपी फिरतेय. मुळात हा आपल्यासारख्या लोकांसाठी बनलेलाच नाही. एम्ब्रॉयडरी मशीन, कारखान्यातल्या सीएनसी, जुने सिंथेसायझर, अशी जी यंत्रं अजून ठणठणीत आहेत पण डेटा घेतात तो फक्त फ्लॉपीवरून, त्यांच्यासाठी तो निघाला. रेट्रोवाल्यांनी, म्हणजे जुने कॉम्प्युटर जपणाऱ्यांनी, तो नंतर उचलला.

आणि म्हणूनच खरा रिव्ह्यू डब्याचा नाही, आतल्या फर्मवेअरचा, म्हणजे डब्याच्या चिपमध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरचा आहे. कंपनीच्या मूळ फर्मवेअरवर पेनड्राइव्हचे ००० पासून आकडे टाकलेले कप्पे पडतात, एका कप्प्यात एक फ्लॉपी, आणि कुठल्या आकड्यात काय आहे ते तुम्ही कागदावर लिहून ठेवायचं. शिवाय नेहमी मिळणारं मॉडेल १.४४ एमबीचं, म्हणजे पीसीच्या फॉरमॅटचं, त्याला अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी कळतच नाही. त्यामुळे मूळ फर्मवेअरसकट गोटेक अमिगाला लावून उपयोग शून्य. ह्यावर उपाय म्हणजे फ्लॅशफ्लॉपी नावाचं दुसरं फर्मवेअर. कीर फ्रेझर ह्यांनी लिहिलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. ते टाकलं की हाच डबा अमिगाच्या एडीएफ, अटारीच्या एसटी, पीसीच्या आयएमजी, अ‍ॅमस्ट्रॅड आणि स्पेक्ट्रम प्लस थ्री ह्या जुन्या कॉम्प्युटरच्या डीएसके, शिवाय ट्रॅकवरचे बिट जसेच्या तसे ठेवणारी एचएफई अशा सगळ्या फाइल्स थेट उघडतो. पीसीच्या इमेजला तर फाइलच्या साइजवरूनच ओळखतो की ही ३६० केबीची आहे, ७२० ची, १.२ एमबीची का १.४४ ची. एमएसएक्स कॉम्प्युटर आणि काही जुन्या सॅम्पलरसाठी (आवाज साठवून वाजवणाऱ्या वाद्यांसाठी) कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली की काम होतं. इतकी मेहनत एका माणसाने घेऊन ती सगळ्यांना अशीच देऊन टाकली ह्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

फर्मवेअर टाकणं अवघड नाही पण पहिल्या वेळेला थोडा धीर लागतो. बोर्डवर प्रोग्रामिंगच्या पिना असतात, तिथे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून यूएसबीच्या दोन्हीकडे ए टाइप असलेल्या केबलने किंवा सीरियल अ‍ॅडॉप्टरने पहिल्यांदा टाकावं लागतं, काही बोर्डांवर त्या पिना सोल्डर केलेल्या नसतात त्या आपण करायच्या. आधीच्या बोर्डांवर एसटीएम३२ चिप असायची, नंतरच्यांवर आर्टेरीची एटी३२ येते, दोन्ही चालतात पण टाकायची पद्धत वेगळी आहे, तर चिपवरचं नाव वाचल्याशिवाय सुरू करू नका. एकदा फ्लॅशफ्लॉपी बसलं की पुढचे अपडेट सोपे, फाइल पेनड्राइव्हवर टाकायची आणि दोन्ही बटणं दाबून धरून पॉवर द्यायची. सोल्डरिंगचा सरावच नसेल तर फर्मवेअर आधीच टाकलेला गोटेक घ्या, विकणारे भरपूर आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

आता डिस्प्ले. तीन आकडी लाल डिस्प्लेवर राहू नका, एवढं माझं ऐकाच. छोटा ओएलईडी स्क्रीन लावला की फाइलचं पूर्ण नाव दिसतं, फोल्डर उघडता येतात, आणि चालू असताना कितव्या ट्रॅकवर (फ्लॉपीवरच्या गोल पट्टीवर) आणि कुठल्या बाजूला वाचन चाललंय तेही दिसतं. हे शेवटचं मला सगळ्यात उपयोगी वाटतं कारण गेम लोड होता होता थांबला तर कुठल्या ट्रॅकवर अडकलाय ते डोळ्यासमोर असतं, दोष इमेजमध्ये आहे का मशीनमध्ये ह्याचा अंदाज तिथेच येतो. ओएलईडीसोबत फिरवायची खुंटी, म्हणजे रोटरी एनकोडर, तीही लावा. बटणं दाबत दाबत शंभर फाइल्स मागे जाणं आणि खुंटी गर्रकन फिरवून दाबणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, विशेषतः ज्या गेममध्ये दर पाच मिनिटांनी "डिस्क ४ टाका" असं येतं तिथे. अमिगावर दहा-अकरा फ्लॉप्यांचे अ‍ॅडव्हेंचर गेम होते ते ज्यांनी खेळलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ह्याशिवाय एक बारकासा बझर लावता येतो, खऱ्या ड्राइव्हचं वाचणारं हेड सरकल्यावर जो कट कट आवाज यायचा तो त्यातून येतो. गरज काहीच नाही. पण मी लावते, कारण अमिगा गप्प बसला की तो काम करतोय का हँग झालाय हे मला आवाजावरूनच कळतं, ती सवय तशीच राहिली.

बसवण्याबद्दल. अमिगा ५०० काय किंवा अटारीचा एसटीएफ काय, ड्राइव्ह उजव्या बाजूला आहे आणि माऊसही बहुतेकांचा उजवीकडेच. लांबडा पेनड्राइव्ह बाहेर आला की हात लागणारच आणि तो धक्का थेट पोर्टच्या सोल्डरवर जातो. नखाएवढे छोटे पेनड्राइव्ह मिळतात तसला घ्या किंवा आखूड एक्स्टेन्शन लावा. केबल लावताना पिन १ ची लाल पट्टी बघून लावा. ड्राइव्ह निवडायचा जंपर मशीनप्रमाणे बदलतो, अमिगात आतला पहिला ड्राइव्ह म्हणून एस०, पीसीमध्ये केबलला पीळ असतो म्हणून एस१. पिनांचा अर्थही सगळीकडे सारखा नाही, पीसीमध्ये ३४ नंबरच्या पिनवर "डिस्क बदलली" हा सिग्नल येतो, अमिगात तोच २ नंबरवर असतो आणि ३४ वर ड्राइव्ह "तयार" असल्याचा. म्हणून कधी कधी पहिली फ्लॉपी छान वाचली जाते आणि दुसरी निवडली की मशीनला पत्ताच नाही असं होतं, तेव्हा गोटेक बिघडलाय असं समजून परत पाठवू नका, आधी फ्लॅशफ्लॉपीच्या कॉन्फिग फाइलमधलं इंटरफेसचं सेटिंग बघा. अ‍ॅमस्ट्रॅडच्या मशीनमध्ये पॉवरच्या वायरचा क्रम नेहमीसारखा असेल असं धरून चालू नका, मल्टीमीटरने ५ व्होल्ट कुठे आणि १२ व्होल्ट कुठे ते तपासूनच जोडा, गोटेकला फक्त ५ लागतात आणि तिथे १२ गेले तर तो संपला.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे की कॉम्प्युटरची प्लॅस्टिकची केस कापू नका. ओएलईडी दिसावा, बटणं बाहेर यावीत म्हणून लोक चाळीस वर्षं जुन्या केसला ड्रिल मारतात ते बघून खरंच वाईट वाटतं. ते प्लॅस्टिक आता कोणी बनवत नाही. बहुतेक मॉडेलसाठी थ्रीडी प्रिंट केलेले ब्रॅकेट मिळतात जे मूळच्या फटीत नीट बसतात, डिस्प्ले वायरने बाहेर आणून पाठीमागच्या जाळीवर टेकवता येतो, आणि सगळं परत काढलं तर मशीन होतं तसंच राहतं. मूळ ड्राइव्ह काढताना त्याचे स्क्रू आणि पत्र्याचे ब्रॅकेट एका पाकिटात घालून त्यावर मशीनचं नाव लिहा. हेडवर जुन्या ड्राइव्हबरोबर यायचा तसला पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घालून ठेवा.

वापरायला कसा वाटतो? पहिल्यांदा एक गैरसमज काढते, गोटेकने गेम फास्ट लोड होत नाहीत. डबल डेन्सिटी फ्लॉपीचा वेग सेकंदाला २५० किलोबिट, मशीनचा कंट्रोलर तेवढ्याच वेगाने मागणार आणि गोटेक तेवढ्याच वेगाने देणार, मिनिटाला ३०० फेऱ्यांचं नाटक त्याला करावंच लागतं कारण जुनी सॉफ्टवेअर त्या फेरीच्या वेळेवर अवलंबून असतात. वेग हवा असेल तर हार्ड डिस्कचा पर्याय बघा, तो विषय वेगळा. इथे मिळतो तो भरवसा. रीड एरर जवळपास संपतात. लोडिंगच्या पट्टीकडे श्वास रोखून बघणं संपतं. मोटर नाही म्हणून जुन्या पॉवर सप्लायवरचा भारही तेवढा कमी. अमिगाची एक इमेज म्हणजे ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला ५१२ बाइटचे ११ सेक्टर, एकूण ९,०१,१२० बाइट, त्यामुळे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेआठ हजारांच्या वर इमेज बसतात. मोठा पेनड्राइव्ह घेण्यात काहीच अर्थ नाही, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला छोटासाच पण चांगल्या प्रतीचा घ्या. प्रतीवर जोर ह्यासाठी की लिहिताना स्वस्त पेनड्राइव्ह मधेच थबकतो आणि तेवढ्यात अमिगाचा धीर सुटतो, मग सेव्ह करताना एरर येतो आणि दोष जातो गोटेकवर.

सेव्ह गेमचं तर फारच सुख आहे. गेम सेव्ह केला की तो पेनड्राइव्हवरच्या एडीएफमध्येच लिहिला जातो, ती फाइल आजच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवायची, झाला बॅकअप. फक्त लिहून झाल्या झाल्या पॉवर बंद करू नका, काही सेकंद थांबा. आणि ज्या इमेजवर काही लिहायचंच नाही तिला रीड-ओन्ली करून ठेवा, कारण अमिगाचे बूट सेक्टरमधले व्हायरस अजूनही जुन्या कलेक्शनमध्ये जिवंत आहेत आणि ते पेनड्राइव्हवरच्या इमेजवरही तितक्याच सहज पसरतात जितके फ्लॉपीवर पसरायचे.

आता जिथे चालत नाही ते. कमोडोर ६४ वाल्यांनी गोटेकच्या वाटेला जाऊच नका, त्याचा १५४१ हा ड्राइव्ह म्हणजे स्वतःचा ६५०२ प्रोसेसर असलेला वेगळा कॉम्प्युटरच आहे, तो सीरियल केबलने बोलतो, ३४ पिनांचा संबंधच नाही, त्यांच्यासाठी एसडी२आयईसी किंवा पाय१५४१ ही वेगळी उपकरणं आहेत. जुन्या मॅकचे ४०० आणि ८०० केबीचे ड्राइव्ह ट्रॅकप्रमाणे फिरण्याचा वेग बदलायचे, तिथेही हा नाही. आणि कॉपी प्रोटेक्शन. एडीएफ फाइलमध्ये फक्त सरळ डेटा असतो, तर त्या काळच्या कंपन्यांनी नेहमीपेक्षा लांब ट्रॅक, दर वेळी वेगळे वाचले जाणारे बिट अशा युक्त्या केलेल्या, त्या एडीएफमध्ये येऊच शकत नाहीत. अशा युक्त्यांसकट फ्लॉपी साठवणारी आयपीएफ फाइल फ्लॅशफ्लॉपी थेट उघडत नाही, ती एचएफईमध्ये बदलून घेतली की बरेच गेम चालतात, काही हट्टी मात्र नाहीच चालत. ह्या एका कारणासाठी सुद्धा खरा ड्राइव्ह जवळ पाहिजे.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. तुमच्या खोक्यातल्या फ्लॉप्या. विकत मिळणाऱ्या गेमच्या इमेज जगात कोणीतरी करून ठेवल्यात, पण कोणाच्या हाताने लिहिलेले बेसिकमधले प्रोग्राम, डिलक्स पेंटमध्ये काढलेली चित्रं, शाळेतलं प्रोजेक्ट, ट्रॅकरमध्ये केलेलं संगीत, हे त्या एकाच फ्लॉपीवर आहे आणि ती फ्लॉपी खराब होतेय. सोनीने २०१० मध्ये जाहीर करून २०११ मध्ये फ्लॉप्या बंद केल्या, नवा माल येणार नाही, आणि जुन्यांवर दमट हवेने बुरशी धरते. शटर सरकवून उजेडात चकती फिरवून बघा, पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडवर चिकटते, चकतीवरचा थर खरवडला जातो आणि पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा त्याच हेडखाली जाते. अशी चकती बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, पूर्ण वाळवून मगच वाचायची, आणि प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड साफ करायचं.

वाचायची कशाने, तर साध्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने अमिगाची फ्लॉपी वाचता येत नाही कारण त्याच्या कंट्रोलरला पीसीचीच मांडणी कळते. त्यासाठी ग्रीजवीझल नावाचा छोटा बोर्ड आहे, तोही कीर फ्रेझर ह्यांचाच, आणि ह्याच्या एका टोकाला लागतो तो खराखुरा फ्लॉपी ड्राइव्ह. तो फाइल-बिईल काही समजून घेत नाही, हेडखालून जाताना चुंबकाची दिशा कधी कधी उलटली त्या वेळा जशाच्या तशा नोंदवतो, एकाच ट्रॅकच्या दोन-तीन फेऱ्या घेतो, आणि मग त्यातून कॉम्प्युटरवर निवांत एडीएफ काढायची. आज एखादा सेक्टर वाचता आला नाही तरी ती मूळ नोंद जपून ठेवली तर पुढे कोणी चांगलं डीकोडिंग लिहिलं की त्यातून डेटा निघू शकतो, म्हणून एडीएफ झाली की मूळ नोंद डिलीट करायची नाही. राइट प्रोटेक्टची खिडकी उघडी करून घ्या हे तर सांगायलाच नको.

म्हणजे क्रम असा लावा: आधी ड्राइव्ह साफ, मग स्वतःच्या फ्लॉप्यांची नोंद, आणि त्यानंतर गोटेक बसवा. लोक गोटेकच्या आनंदात हा मधला भाग पुढे ढकलतात आणि फ्लॉप्या वाट बघत नाहीत. नोंद झाल्यावर मात्र मूळ फ्लॉप्या कोरड्या जागी, उभ्या, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवून द्यायच्या आणि रोजचं सगळं गोटेकवर करायचं. माझ्याकडे आता रोजच्या खेळाला हेड फिरतच नाही, ते फक्त एखादी नवीन मिळालेली फ्लॉपी वाचायला फिरतं, आणि मला वाटतं त्या ड्राइव्हचं उरलेलं आयुष्य त्याच कामाला जावं.

अमिगावाल्यांसाठी एक राहिलं. किकस्टार्ट १.३ वर (किकस्टार्ट म्हणजे अमिगाच्या रॉममधलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॉपीवरून बूट फक्त पहिल्या ड्राइव्हवरून होतं. ज्यांना आतला मूळ ड्राइव्ह काढायचाच नाही त्यांनी गोटेक बाहेरच्या पोर्टवर डब्यात लावायचा आणि पहिला-दुसरा ड्राइव्ह आपसात बदलणारा छोटा स्विच बसवून घ्यायचा. मशीन उघडावं लागतं, पण काही कापावं लागत नाही आणि दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी हाताशी राहतात, एकातून दुसऱ्यावर कॉपीही करता येते. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यात जास्त आवडते.

घेताना विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: चिप कुठली, फ्लॅशफ्लॉपी आधीच टाकलंय का आणि कितवं व्हर्जन, आणि ओएलईडी कुठल्या मापाचा. ह्याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे बघा, ही वस्तू दुर्मीळ अजिबात नाही.